घोंगडीखाली दिसलेली ठिणगी

देवाला हाक मारावी आणि त्याने लगेच ओ द्यावी, असं माझ्या बाबतीत फारसं घडलेलं नाही. खरं सांगायचं तर मी हाकही बेताचीच मारत असे. मी नगरात भाड्याची मोटार चालवायचो आणि ती बिघडली की स्वतःच दुरुस्त करायचो. यंत्रात देव नसतो, नट-बोल्ट असतात, असं चारचौघांत म्हणायची मला खोड होती. घरचं कुलदैवत खंडोबा. बायको भक्तिभावाने तळी भरायची आणि मी बाजूला उभा राहून खोबऱ्याचा तुकडा तेवढा तोंडात टाकायचो. असा माणूस आज देवाचा अनुभव लिहायला बसला आहे, याचं घरात सगळ्यांना हसू येतंय. येऊ दे.

गोष्ट बाहत्तरच्या दुष्काळाच्या सुमाराची, उन्हाळ्यातली. माझी बहीण तिसगावजवळच्या एका वस्तीवर दिलेली. तिची थोरली मुलगी, म्हणजे माझी भाची, लग्नाची होती. आदल्या वर्षी तिची सुपारी फुटली आणि लग्नाच्या आधीच होणारे सासरे बैलगाडीवरून पडून वारले. बैल बुजला होता, त्यात पोरीचा काय संबंध? पण लोकांनी निकाल देऊन टाकला, की पोरीचा पायगुण वाईट. मग कुणाच्या घरी लग्न असलं तरी हिला करवली म्हणून कुणी उभं करेना. एवढी हसरी पोर, पण मान खाली घालून वावरायला लागली. मी वरवर सगळ्यांना फटकारायचो, तरी आत कुठंतरी मलाही भीती वाटायची. ती मी कुणाला दाखवली नाही एवढंच.

अशात राहात्याकडचं स्थळ आलं. पाटाच्या पाण्यावरची माणसं, ऊस-पेरूची शेती. मुलगा मोकळ्या मनाचा होता आणि लग्न करीन तर हिच्याशीच म्हणून अडून बसला. त्याला वडील नव्हते. कर्ता माणूस म्हणजे चुलता, सगळे त्यांना तात्या म्हणत. तात्यांच्या कानावर पायगुणाची गोष्ट गेली होती. पुतण्याच्या हट्टापुढे त्यांनी मान डोलावली खरी, पण ती अर्धीच. काही वावगं झालं की माघारी फिरायचं, असं त्यांनी मनात धरलं होतं. ते आम्हालाही दिसत होतं.

नवरदेवाला आणायला मुलीकडच्याने जायचं, त्याला आमच्याकडे मूळ जाणं म्हणतात. मोटार माझी आणि मामाही मीच, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. लग्नाच्या दिवशी पहाटे वऱ्हाड ट्रकने पुढे गेलं. माझ्या गाडीत नवरदेव, तात्या आणि नवरदेवाच्या आत्याबाई. निघताना आत्याबाईंनी गाडीची पूजा काढली. चाकाखाली लिंबू झालं, नारळ झाला, पण त्यांचं समाधान होईना.

"मामा, हिचं झाकान उघडा. आत बी कुंकू लावते," त्या म्हणाल्या.

मी बॉनेट उघडलं. इंजिनाच्या कडेला डिस्ट्रिब्यूटर असतो, प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगी वाटून देणारा. त्याच्या डोक्यावर काळी गुळगुळीत टोपी आणि त्या टोपीतून जाड वायरी निघालेल्या. ती आत्याबाईंना हुबेहूब महादेवाच्या पिंडीसारखी दिसली. त्यांनी हात जोडले, पिंडीवर नारळाच्या पाण्याची धार धरली, वर हळदीकुंकवाची बोटं ओढली. मी तेवढ्यात नवरदेवाची ट्रंक मागे बांधत होतो. गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली, तेव्हा आत्याबाईंनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू स्टार्टर त्यांनीच मारला.

नगर ओलांडेपर्यंत काही तक्रार नव्हती. पुढे करंजीच्या घाटाकडे रस्ता चढउताराचा लागला आणि गाडी आचके द्यायला लागली. एका चढावर ती बंद पडली. थोडा वेळ थांबलो तशी चालू झाली. पुन्हा चढ आला, पुन्हा बंद. मी पेट्रोल येतंय का बघितलं, येत होतं. कार्बोरेटरचा जेट काढून तोंडाने फुंकला. उन्हाने पंपात वाफ धरली असेल म्हणून त्यावर ओलं फडकं ठेवलं. प्लग काढून पुसले, डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट घासले, वायरी ओढून बघितल्या. सगळं जागच्या जागी होतं. गाडी पुन्हा निघाली आणि पुढच्या चढावर पुन्हा मेली. या खेपेला ती काही केल्या उठेना.

आसपास झाड नव्हतं. माळ नुसता पेटल्यासारखा तापलेला. बाशिंग बांधलेला नवरदेव घामाने निथळत आत बसला होता. मुहूर्त दुपारचा आणि सूर्य तर डोक्यावर यायला निघालेला. तात्या खाली उतरले, त्यांनी उपरणं झटकलं आणि शांतपणे बोलले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मामा, तुमच्यावर राग न्हाई. पर ह्यो इशारा हाय. गाडी काल बरी हुती, पोरगं आणाया गेली आन् बंद पडली. देवाला ह्ये लगीन नको हाय. मी पुतण्याला घिऊन माघारी जातो. समोरनं येष्टी यील."

"तात्या, गाडीत काहीतरी बिघाड आहे हो. मी काढतो शोधून."

"मंग दावा. काय बिघाड हाय त्यो दावा मला."

तेच तर मला जमत नव्हतं. माझ्या लक्षात आलं की आता नुसती गाडी चालू होऊन भागायचं नाही. ढकलून, धक्के मारून मी ती मांडवापर्यंत नेलीही असती, तरी बंद पडलेल्या गाडीचा डाग पोरीच्याच कपाळी बसला असता आणि सासरी जन्मभर पुरला असता. दोष गाडीत आहे, पोरीत नाही, हे मला दाखवून द्यायचं होतं आणि दोष सापडत नव्हता. इतकी वर्षं हाताखालून इंजिनं गेली, त्या सगळ्या विद्येचा त्या माळावर काडीचा उपयोग होईना. डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. मी उघड्या बॉनेटखाली इंजिनाच्या कडेवर दोन्ही हात टेकून वाकलो आणि मनात म्हणालो, खंडेराया, मला काही कळत नाही. माझं सगळं करून झालं. पोर तुझी आहे, आता तू बघ.

त्यात शब्दांची सजावट नव्हती की नवस नव्हता. नवस करायचंही सुचलं नाही. पण 'मला कळत नाही' हे मी आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो होतो आणि म्हणताक्षणी खांद्यावरचं ओझं कुणीतरी उतरवून घ्यावं तसं वाटलं.

तेवढ्यात माझ्या डोक्यावर काहीतरी जड, केसाळ येऊन पडलं आणि सगळा काळोख झाला. शेळ्यांचा वास आला.

"लेकरा, ऊन लागंल की रं! डोस्कं झाक," बाहेरून एका म्हातारीचा आवाज आला. माळावर शेरडं चारणारी कुणी धनगरीण होती. मला झोकांड्या खाताना बघून तिने आपली घोंगडी माझ्यावर टाकली होती आणि ती माझ्यासकट अर्ध्या इंजिनावर पसरली होती. मी ती बाजूला सारणार, इतक्यात गाडीतून उतरून पुढे उभ्या राहिलेल्या नवरदेवाला काय वाटलं कोण जाणे, त्याने इंजिनाचं हँडल धरलं आणि गर्रकन फिरवलं. माझं नाक डिस्ट्रिब्यूटरपासून वीतभर अंतरावर होतं. त्या अंधारात, त्या काळ्या टोपीच्या अंगावरून, निळी बारीक रेघ सळसळत खाली लोखंडावर उतरली.

मी ओरडलो, "पुन्हा फिरवा, जावईबापू!" त्याने पुन्हा फिरवलं. पुन्हा तीच निळी रेघ, त्याच वाटेने. कुंकवाच्या बोटाच्या वाटेने! नारळाचं गोड पाणी आणि कुंकू टोपीवर वाळून धरलं होतं, ठिणगीने ते जाळून त्याची कोळशाची बारीक वाट केली होती. चढावर इंजिनाला जोर लागला की ठिणगी प्लगकडे जायचं सोडून या जवळच्या वाटेने पळून जात होती. भर उन्हात ती दिसणं शक्यच नव्हतं. मी तिथंच हात फिरवला होता, कुंकू दिसलं ते पूजेचं म्हणून सोडून दिलं होतं, आणि काळ्या टोपीवरची काळी वाट कशी दिसणार? ती बघायला अंधारच हवा होता आणि अंधार त्या माळावर कुठं मिळणार होता?

मी तात्यांना हाताला धरून घोंगडीत ओढलं. ते नको नको म्हणत आत आले. हँडल फिरलं, रेघ सळसळली. तात्यांचा विश्वास बसेना. त्यांनी बोट पुढे केलं. मी धरायच्या आत हँडल पुन्हा फिरलं आणि तात्या "आयायायाय!" करत घोंगडीसकट रस्त्यावर जाऊन बसले. शेरडं उधळली. नवरदेव हसून हसून हँडलवर रेलला. तात्या बोट झटकत बसल्या बसल्याच म्हणाले, "हाय! हितंच हाय बिघाड! मला गावला!"

तोवर आत्याबाईंच्या ध्यानात सगळं आलं होतं आणि त्यांचे डोळे भरले होते. "माझ्याच हातनं झालं की वो," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "आत्याबाई, तुम्ही पूजा केलीत, दुसरं काय केलं? आता कुंकवाखाली लावायचं मेण आहे का तुमच्याकडे?" त्यांनी कनवटीची डबी झटकन पुढे केली. पेट्रोलच्या फडक्याने मी टोपी पुसून काढली. जळलेली वाट खरवडायला बारीक पातं हवं होतं. नवरदेवाच्या हातात लिंबू खोचलेली सुरी होती. ती लग्न लागेपर्यंत खाली ठेवायची नसते. त्याने ती न सोडता, माझ्या शेजारी वाकून, मी दाखवीन तिथं स्वतःच खरवडलं. त्यावर मी मेण दाबून बसवलं, म्हणजे ठिणगीला पुन्हा ती वाट धरता येऊ नये.

पहिल्याच हँडलला गाडी चालू झाली आणि असा सुरेख, एका लयीतला आवाज आला की मी नट-बोल्टवाला माणूस तिथं रडलो. तात्यांनी "येळकोट येळकोट जय मल्हार" अशी आरोळी ठोकली. मी म्हातारीची घोंगडी झटकून तिच्या खांद्यावर दिली, पाया पडलो, लग्नाला चला म्हणून हात धरला.

"शेरडं कुनावर सोडू? ऊन लागत हुतं म्हनून टाकली, त्यात काय येवढं?" असं म्हणून ती उधळलेल्या शेरडांमागे निघूनही गेली. तिचं नाव विचारायचं राहिलं.

मेण वितळतं की काय, या धास्तीने मी घाटभर खंडोबाचं नाव घेत होतो. मेणाने इमान राखलं. मांडवात पोहोचलो तर अक्षता वाटून झालेल्या, भटजी घड्याळाकडे बघत उभे आणि माझी बहीण खांबाला धरून पांढरीफटक पडलेली. मी काही बोलायच्या आधीच तात्या खाली उतरले आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी ठिणगीची गोष्ट सांगायला सुरुवात केली. बोट वर धरून दाखवत होते. माझं नाव त्यात फारसं नव्हतं आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

देवाने ठिणगी दाखवली की म्हातारीच्या मायेने, यावर मी वाद घालत नाही. एवढंच सांगतो, की मला येत होतं ते सगळं करून झाल्यावर मी हात टेकले आणि त्यानंतर जे मिळालं, ते माझ्या हुशारीचं नव्हतं. आजही मोटार अडली की मी आधी सगळं तपासतो आणि मग न लाजता वर बघतो. कृपा कुणाच्या हाताने येईल ते आपण ठरवायचं नसतं.

मुहूर्त गाठला. अंतरपाट धरला गेला आणि मामा म्हणून मी भाचीच्या मागे उभा राहिलो. हात काळेकुट्ट, ते धुवायलाही वेळ मिळाला नव्हता. मंगलाष्टकं चालू असताना तिने मागे न बघता, कुजबुजत विचारलं, "मामा, गाडी माझ्यामुळं बंद पडली का?"

"नाही गं बाई. गाडीत बिघाड होता. तुझ्या नवऱ्यानं स्वतःच्या हातानं काढला."

तिने एक मोठा श्वास घेतला. वर्षभर खाली असलेली तिची मान माझ्या डोळ्यांसमोर ताठ झाली, आणि अंतरपाट खाली आला तेव्हा ती सगळ्या मांडवादेखत समोर बघत हसत होती.