ओढ्यावरची टिटवी

बारामतीच्या वेशीबाहेर माळ उतरून ओढा लागतो, तिथं पाटाच्या पाण्यावर साखरबाईचं वांग्याचं रान होतं. बाई एकटीच, पण तोंडानं आणि डोक्यानं दहाजणींना भारी! वांगी तेवढी चोरीला जायची. शेजारच्या आबासाहेबांवर तिचा वहीम होता, पुरावा नव्हता. त्या साली ओढ्याच्या कोरड्या पात्रात, गोट्यांत टिटवीनं अंडी घातली आणि बाईला फुकटची राखण मिळाली. रानात कुणी शिरलं की पाखरू असं बोंबलायचं की चोर रिकाम्या हातानं पळायचा.

अन् वैशाखात आबासाहेब म्हणाले, "उद्या टिटवीची अंडी बघतो. खाली असली म्हंजी पाऊस कमी. मग पात्र नांगरून काकड्या लावतो."

साखरबाईनं ओळखलं. नांगर घरट्यावरूनच जाणार! विनवणी केली असती तर आबासाहेबांनी आधी तिथंच औत घातलं असतं.

तिनं चार गोल दगड चिखलानं माखले, वर तव्याच्या काजळीचे ठिपके दिले आणि आपल्या वांग्यांपलीकडच्या उंच दरडीवर मांडून ठेवले.

सकाळी आबासाहेब आले तशी ती ओरडली, "आबा, तितूनच बघा! जवळ गेलात तर अंडी सोडंल ती. पाप कुणाच्या माथी?"

डोक्यावर टिटवी कलकलाट करत होती. आबासाहेबांनी डोळे बारीक केले.

"आयला! एवढ्या उंचावर? औंदा वढा दुथडी भरणार!" त्यांनी बैल माघारी वळवले.

त्यांचं ऐकून सगळ्या आळीनं छपरं शाकारून घेतली. साखरबाई पदरात तोंड घालून हसली.

आठवड्यानं भर दुपारी टिटवी बोंबलली. बाई धावली, तर बांधावर आबासाहेब लालबुंद, बोटं काळी.

"साखरबाय, फशिवलंस! दगडं हाईत ती! उद्याच नांगर घालतो."

"व्हय? पण आबा, तुमाला कळलं कसं? तितं जायला माझ्या वांग्यातनंच वाट हाय."

आबासाहेब गडबडीनं मागं सरले. उपरण्यातनं एक वांगं टपकन पडलं, काळ्या बोटांच्या ठशांसकट.

"घाला की नांगर," ती गोडीनं म्हणाली. "मी बी बाजारात सांगते, दगडं कशी गावली ते."

नांगर आला नाही. पिल्लं निघाली, पात्रभर तुरूतुरू पळाली. पाऊस मात्र बेताचाच झाला आणि लोक टिटवीला खोटारडी म्हणू लागले. बिचारीची खरी अंडी खालीच होती, हे फक्त दोघांना ठाऊक. पारावर तो विषय निघाला की आबासाहेब घाईघाईनं उठून घरी जायचे.