मिस्टर रॉनचे पणजोबा

कॉम्प्युटरच्या पडद्याला भिंग लावून वाचणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला तो मस्कतमध्ये. तिथल्या बौशर भागातल्या ऑफिसात मी नवीनच लागले होते. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन निघाले, तर कोपऱ्यातल्या टेबलाशी एक उंच, टक्कल पडलेले इंग्रज गृहस्थ एका हातात सँडविच आणि दुसऱ्या हातात भिंग धरून पडद्याला जवळजवळ नाक टेकवून बसलेले. "ते बटण दाबलं की अक्षर मोठं होतं," मी न राहवून म्हणाले.

"ठाऊक आहे. पण भिंग धरलं की माणूस हळू वाचतो. मेलेल्यांना घाई नसते."

हे मिस्टर रॉन, पाइपलाइनच्या कामावरचे आमचे मुख्य इंजिनिअर. ओमानी असो, मल्याळी असो, सगळे त्यांना मिस्टर रॉनच म्हणत. माझ्या ड्रॉइंगमध्ये चूक सापडली तरी आवाज चढवत नसत. "मिसेस पाटील, इथून पाणी आपणहून डोंगर चढणार आहे का?" एवढंच विचारत.

ते वाचत असत जुन्या चर्चच्या नोंदी. इंग्लंडात खेडोपाडीच्या चर्चमध्ये गावातल्या माणसांचं बारसं, लग्न आणि दफन लिहून ठेवायची शेकडो वर्षांची पद्धत. ती पानं आता इंटरनेटवर दिसतात. मिस्टर रॉनच्या आईचं माहेरचं आडनाव हॅलम, घराणं पिढ्यान्‌पिढ्या शेतमजुरांचं. "जमीनदारांच्या तसबिरी असतात," ते म्हणत. "आमच्या लोकांवर जगाने तीनदाच शाई खर्च केली. जन्मले, लग्न केलं, मेले." एखाद दिवशी खुशीत माझ्या टेबलापाशी येत. "आज एक मेंढपाळ सापडला! सहीच्या जागी फुली आहे, पण काय ठसठशीत फुली!"

एक माणूस मात्र सापडत नव्हता. त्यांचे पणजोबा, ईनॉक हॅलम. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी हा माणूस गवतकापणीच्या हंगामाला परगावी गेला तो परतलाच नाही. दुसऱ्या बाईबरोबर पळाला, असं गाव म्हणालं. बायको मुलांना घेऊन निराधारांच्या सरकारी आसऱ्याला गेली. त्यातला एक मुलगा म्हणजे मिस्टर रॉनचे आजोबा. त्यांनी जन्मभर बापाचं नाव घरात उच्चारू दिलं नाही. आता मिस्टर रॉनच्या आईने नव्वदी ओलांडली होती, हृदय थकलं होतं. दर शुक्रवारी फोनवर तिचा एकच प्रश्न: "सापडला का?"

"खरं सांगू?" ते मला एकदा म्हणाले. "मला सापडायची भीती वाटते. दुसरी बायको, दुसरी मुलं निघाली तर आईला काय सांगू?"

"मग शोधता कशाला?"

"ती विचारते म्हणून."

व्हिसाच्या मेडिकलला आम्ही दोघं एकदमच गेलो होतो. खोलीत गर्दी. दारातल्या माणसाने हाक मारली, "बातील! बातील!" मी उठले.

"ते तुमचं नाव नाही," मिस्टर रॉन म्हणाले.

"माझंच. अरबीत 'प' नाही, म्हणून पाटीलचं बातील. लिहिणारा आपल्या कानाने लिहितो. आपणच ओळखून उठायचं."

मी रक्त देऊन बाहेर आले तरी ते तसेच उभे. त्यांचा नंबर येऊन गेला होता. "आमच्या खेड्यात 'ह' बोलत नाहीत," ते म्हणाले. "माझी आई अजून हाऊसला आऊस म्हणते. मिसेस पाटील, मी इतकी वर्षं 'ह'मध्येच शोधत बसलो!"

चार-पाच दिवसांनी सकाळी ते माझ्या टेबलाशी आले.  खुणेनेच मला आपल्या टेबलाकडे नेलं. पडद्यावर शेजारच्या परगण्यातल्या एका चर्चची दफनाची नोंद होती. ईनॉक ॲलम. वय जुळत होतं, आणि राहण्याच्या रकान्यात त्यांचंच गाव. पाद्रीबुवांनी समासात लिहिलं होतं, हंगामाला आलेला मजूर, गवताच्या गाडीवरून पडून मेला. घर सोडल्याला महिनाही झाला नव्हता.

"पत्र धाडलं असेल," मिस्टर रॉन म्हणाले. "पण पोस्टाच्या यादीत ॲलम नावाचं घरच नव्हतं." 

आईला त्यांनी तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. मी उठू लागले, तर म्हणाले, "बसा. तुमचाही वाटा आहे यात." म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. पुन्हा सांगायला लावलं. "म्हणजे टाकून नव्हता गेला," ती म्हणाली. मग डोळे पुसत, "माझ्या बाबांना कुणीतरी सांगायला हवं होतं रे." आणि थोड्या वेळाने, अगदी हलक्या आवाजात, "बरं झालं. बरं झालं, रॉनी."

त्या दिवशी मिस्टर रॉननी सगळ्या ऑफिसला हलवा खिलवला. कशाबद्दल, ते कुणाला सांगितलं नाही.

थोड्याच महिन्यांत ते नोकरी आटोपून आईजवळ राहायला गेले. त्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला. आई झोपेतच गेली होती. शेवटचे दिवस मजेत गेले, म्हणाले. घरी कुणीही येवो, नर्स, पोस्टमन, शेजारीण, ती आपणहून सांगायची, "माझे आजोबा कामावर गेले होते. तिथेच वारले."