पारोसं विमान

आमचं शिकण्याचं विमान जुहूच्या मैदानात उघड्यावरच उभं असायचं, शेड मोठ्या विमानांना. समुद्राची खारी हवा, धूळ, वर कावळ्यांची मेहेरबानी. मी शिष्यवृत्तीवर उडायला शिकत होते, आणि ते माझ्याइतकं चकाचक कुणी ठेवत नसे, हे मी आजही छाती ठोकून सांगते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा एकटी उडणार होते. दसऱ्याला आई अंधेरीहून पूजेचं ताट घेऊन आली. पूजा हे निमित्त. पोरीला एकटी सोडू नका, असं ती आम्हाला उडायला शिकवणाऱ्या सरांना तोंडावर सांगणार होती. बाबांनी आधीच माझ्या कानावर घातलं होतं. आणि घरून नकार आला की सर कुणालाही सोडत नसत.

सर दुसऱ्या विमानातून एका विद्यार्थ्याला घेऊन वर गेले होते. आईनं विमानाला एक फेरी मारली. आठवडाभर मी अभ्यासात गुंतले होते, बाकीच्यांनी फडकंसुद्धा फिरवलं नव्हतं.

"काय गो, पारोसंच ठेवलंस? पारोशाला कुंकू कसं लावू?"

तिनं पदर खोचला. बादलीशेजारचा काथ्या उचलला, तो मी हिसकावून घेतला.

"आधी नुसतं पाणी, खार उतरू दे. समोरची ती काच नाही, प्लॅस्टिक आहे, चरे पडतात. हातानंच धुवायची. बांगड्या काढ."

"सणाला बांगड्या काढू? शहाणीच आहेस."

शेवटी तिनं बांगड्या कोपराकडे सरकवल्या आणि वर माझा रुमाल घट्ट बांधून घेतला. विमानाच्या बाजूच्या बारीक भोकांवर मी लाल पट्टी चिकटवली. त्यांत पाणी गेलं तर वर गेल्यावर उंची कळत नाही, हेही सांगितलं. मग ती विचारतच सुटली. हे काय हलतं, हे ढिलं नाही ना, पेट्रोल कुठं भरता? मी फटाफट उत्तरं देत होते. घासता घासता तिचा हात पंखांखालीसुद्धा फिरून आला. मग मी विमान पुसून कोरडं केलं, पट्टी काढली आणि तिला त्याच्या नाकाडावर कुंकवाची जागा दाखवली.

तेवढ्यात सर उतरून आले.

"सर, उद्या सोडा हिला," आई म्हणाली. "मी धुतलंय ते. सगळीकडे हात फिरवून बघितलंय."

मला रडूच आलं. ती मात्र ताट उचलून चालू पडली. फाटकापर्यंत गेली आणि झपाझप परत आली.

"त्या भोकांवरची पट्टी काढलीस ना गो?"

काढली होती. तरी मी तिचं बोट धरून एकेका भोकावरून फिरवलं. सगळी भोकं मोकळी आहेत हे पटल्यावरच ती घरी गेली.