आधी चहा, मग बीपी

उल्कान-आपाला तिच्या मुलाने, मेलिसने, मॉस्कोहून बीपीचं मशीन पाठवलं आणि आमच्या गल्लीची शांतता गेली. त्याआधी आमचं डोकं दुखायचं, छातीत धडधडायचं, पाय जड व्हायचे. थोडं पडलं की बरं वाटायचं आणि विषय संपायचा. आता प्रत्येकीचा आकडा झाला. अमकीचा आकडा माझ्यापेक्षा कमी कसा, यावरून भांडणं झाली. ज्यांना काहीच होत नव्हतं त्यांची झोप उडाली. मीही त्यांतलीच. आपाच्या समोरच राहते, त्यामुळे सगळ्यांत आधी मीच हजर असे.

रोज सकाळी गाई कळपाबरोबर चरायला गेल्या की आपाच्या घरी बैठक बसायची. पण कुणी आल्या आल्या हात पुढे करायचा नाही. घरात आलेल्या माणसाला चहाआधी कामाचं विचारायचं, तर मग आपण माणसं कसली? म्हणून आधी चहा. पीठ चरबीत तांबूस भाजायचं, त्यात चहा, दूध, मीठ घालून उकळायचं. तो चार-पाच वाट्या पोटात गेला, ब्रेड झाला, आंबट दही वाळवून केलेल्या खारट कुरुताच्या गोळ्या चघळून झाल्या, कुणाच्या मुलीने सासर सोडलं ते बोलून झालं, की मग स्वेटरवरूनच पट्टा गुंडाळायचा. मशीन घुरघुरायला लागलं तरी गप्पा चालूच.

हे सगळं करायची ती असिलगुल. आपाची सून, मेलिसची बायको. मूळची तलासची, म्हणजे डोंगरांच्या पार पलीकडची. बारा वर्षांपूर्वी सून म्हणून आली तेव्हा बारीकशी होती, आता अंगाने भरली आहे. पहाटे दोन गाईंची धार काढते, मग शेण, पाणी, चूल, दोन मुलांची शाळा. मेलिस वर्षातून एकदा येतो. सकाळच्या बैठकीत ती दाराजवळ, सगळ्यांत खालच्या जागी, एक गुडघा मोडून किटली घेऊन असायची. त्याला बसणं म्हणवत नाही. प्रत्येकीची वाटी अर्धीच भरायची, कारण काठोकाठ भरली तर 'आता निघा' म्हटल्यासारखं होतं. त्यामुळे तिला सारखं उठावं लागे. वाटी घे, भर, दे, पट्टा बांध, आकडा वाच, पुन्हा वाटी. तिची पाळी सगळ्यात शेवटी. आणि शेवट यायच्या आत भांडी घासायची वेळ व्हायची.

त्या वर्षी आपाला उन्हाळ्यात जायलूवर जायचं होतं. वरच्या कुरणावर तिचा थोरला भाऊ दरवर्षी तंबू लावतो. तो ऐंशीचा झाला होता आणि यंदाचा उन्हाळा शेवटचा असं त्यानेच सांगितलं होतं. आपाचा नवरा गेल्यापासून ती वर गेली नव्हती. पण मेलिसने फोनवर फर्मान काढलं, "बीपी दीडशेच्या खाली आलं तरच वर. नाहीतर पाय टाकायचा नाही. रोज आकड्याचा फोटो हवा मला."

आणि त्याच आकड्याला असिलगुलचं माहेर टांगलेलं होतं. सासू मुलांना घेऊन वर गेली, तर ती दहा दिवस तलासला जाऊ शकत होती. गाईंची धार मी काढणार होते. सासूला एकटी टाकून मात्र सुनेने जायचं नाही, हा मेलिसचा दुसरा नियम. पाच वर्षांत ती आईला भेटली नव्हती. म्हणजे आपापेक्षा तीच मशीनकडे जास्त डोळे लावून असायची.

"किती?" आपा विचारायची.

"एकशे अडुसष्ट," असिलगुल मान खाली घालून सांगायची, जणू तिनेच वाढवलाय.

"मशीनच खोटं आहे! मेलिसने स्वस्तातलं घेतलं असणार. लहानपणापासून चिकट मेला."

"आपा, मशीन खोटं असेल तर काल माझं एकशे अठ्ठावीस आलं तेही खोटं का?" मी म्हटलं.

"तुझं काय, साइरा? तुला ना नवरा, ना सून. कुणाचा त्रासच नाही, तर चढेल कशाला?"

हे ती सुनेसमोर म्हणाली. असिलगुलने माझी वाटी भरली, अर्धीच. आपा दुष्ट नाही. तिच्या सासूने तिला याहून वाईट ऐकवलेलं आहे, आणि आमच्याकडे तेवढंच पुरेसं कारण मानतात.

बीपीवर आपाचा उपाय एकच. आंबट खाल्लं की रक्त खाली उतरतं, असं सगळं गाव म्हणतं. म्हणून आकडा चढला की ती आणखी दोन कुरूत तोंडात टाकायची. दुसऱ्या दिवशी एकशे बहात्तर. मग तीन कुरूत.

मे संपत आला. जायलूवर जाणारा ट्रक ठरला. तो एकदाच वर जातो आणि ऑगस्टअखेरीस, शाळा उघडायच्या आत खाली येतो, त्यामुळे त्या दिवशी जो चढला तो चढला. असिलगुलने आईसाठी एक शाल घेऊन ट्रंकेत ठेवली होती. आकडा दीडशेच्या खाली काही येईना, तेव्हा तीच एका सकाळी दवाखान्यात गेली आणि तुर्सुनाय नर्सला घरी घेऊन आली. सुनेने सासूला न विचारता केलेलं मी पाहिलेलं हे पहिलं काम.

तुर्सुनाय आली तेव्हा आमची बैठक भरात होती. तिलाही चहा पुढे आला. ती वाटी हातात घेऊन बघत राहिली. वाटीत बघितलं, कुरुताच्या ताटलीत बघितलं, आपाच्या जाड स्वेटरवरच्या पट्ट्याकडे बघितलं.

"हे रोज असंच?"

"मग काय, उपाशी मोजायचं?" आपा म्हणाली. "आम्ही काय भिकारी आहोत?"

"आपा, एवढं मीठ पिऊन आणि एवढं बोलून मोजलं तर घोड्याचंसुद्धा बीपी चढेल. उद्या चहाच्या आधी. दंड उघडा. पाठ टेकून पाच मिनिटं बसायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही."

"पाच मिनिटं?" आपाने असं विचारलं, जणू तिला तुरुंगात टाकत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या चहाविना भिंतीला टेकून बसलो. असं कुणाच्या घरी नुसतं बसायला मला लाज वाटत होती. आपाने डोळे मिटले, उघडले, दाराबाहेरच्या कोंबडीला हातानेच हाकललं. दोनदा ओठ हलले. तुर्सुनायने बोट वर केलं. शेवटी मशीन घुरघुरलं.

"एकशे चव्वेचाळीस."

आपा ओरडलीच. मला मिठी मारली, तुर्सुनायलाही मिठी मारली, "मीठ कमी, गोळी रोज, मग खुशाल जा," हे तिचं ऐकलंसुद्धा नाही. मेलिसला फोटो गेला. असिलगुल दारात उभी होती. ती हसली आणि तिने डोक्याच्या रुमालाचं टोक तोंडाला लावलं. मग लगेच किटलीकडे वळली, कारण आता चहाला मोकळीक होती.

"तू ये इकडे," तुर्सुनाय तिला म्हणाली.

"मी?"

"रुमाल कपाळावर एवढा आवळून का बांधलायस?"

"ऊन लागतं."

"सकाळी आठ वाजता? बस इथे."

आम्ही हसलो. खरंच हसलो. आपा म्हणाली, "अगं तिचं काय बघतेस, ती म्हैस आहे नुसती, छत्तीसची. आधी चहा तर टाकू दे." पण तुर्सुनायने किटली तिच्या हातातून काढून घेतली आणि तिला आपाच्याच गादीवर, आमच्याकडे जिथे मानाचा पाहुणा बसतो तिथे, पाठ टेकवून बसवलं. असिलगुलला पाय कुठे ठेवायचे ते कळेना. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती जमिनीकडे बघत राहिली. पाच मिनिटं कुणी बोललं नाही.

तुर्सुनायने आकडा मोठ्याने वाचला नाही. मशीन आपाकडे फिरवलं. एकशे ब्याऐंशी. खालचा एकशे चौदा.

"चुकलं असेल," आपा म्हणाली. या वेळी तिचा आवाज बारीक होता.

तुर्सुनायने थोडं थांबून पुन्हा मोजलं. एकशे ऐंशी. "डोकं कधीपासून दुखतंय?"

"मधलं मूल झालं... जे गेलं, तेव्हापासून," असिलगुल म्हणाली. "आठ वर्षं असतील. दुखतं, मग काम करताना विसरायला होतं." पट्टा सोडायला तुर्सुनायने हात लावला तेव्हा ती हळूच म्हणाली, "ताई, अजून एकदा बघता का? मी अजून पाच मिनिटं बसते."

मला तिथे बसवेना. आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायकांचे आकडे तोंडपाठ असलेली ही बाई, आणि तिच्या दंडाला पट्टा लावायचं आमच्यापैकी एकीलाही सुचलं नव्हतं. चहा तेवढा तिच्या हातचा हवा होता.

तुर्सुनायने गोळ्या दिल्या, तलासच्या मोठ्या दवाखान्यात तपासण्या सांगितल्या आणि महिनाभर तरी जड काम बंद केलं. असिलगुल म्हणाली, "दहा दिवसांत येते. जुलैत गवत कापायला माणसं येतील, त्यांना रांधून कोण घालणार?"

"मी घालीन," आपा म्हणाली.

"तुम्ही वर असाल."

"सरकारी फार्मवर चाळीस गाईंची धार काढत होते मी, तुझ्या दोन काय खातायत मला? मुलं जातील मामा-आजोबाबरोबर. जायलू कुठे पळून जातोय? तू आपली जा."

ट्रक गेला त्या दिवशी आपा रस्त्यावर उभी होती. भाऊ मागे ताडपत्रीवर बसला होता. ट्रक वळणाआड गेल्यावर आपा रडली, आणि मी तिथे आहे म्हणून मला शिव्या दिल्या.

असिलगुल मशीन घेऊन माहेरी गेली. आता रोज सकाळी फोटो उलट दिशेने यायला लागले. आपा फोनवर ओरडायची, "चहाच्या आधी मोजलंस ना? आईशी बोलत नव्हतीस ना मोजताना?" एकशे सत्तर आलं, एकशे अठ्ठावन्न आलं. गोळी बदलली. आपा फोटो मला दाखवायची, मग डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा स्वतः बघायची.

मेलिस वैतागला होता. "आई, तू एकटी, गवताची माणसं, तुझं स्वतःचं बीपी. असिलगुलचा आकडा खाली आला की त्याच दिवशी बोलावून घे तिला."

जुलैच्या मध्यावर एका सकाळी मी आपाकडे गेले. ती चुलीशी घामाघूम झाली होती, बाहेर विळे परजणारी पाच माणसं जेवणाची वाट बघत होती. फोन वाजला. तलासहून फोटो होता. एकशे तीस, खाली चौऱ्याऐंशी. मागे कोपऱ्यात असिलगुलच्या आईचा हात आणि खरबुजाची फोड दिसत होती. आपाने तो मला दाखवला.

तेवढ्यात मेलिसचा फोन आला. "आज किती तिचं?"

"एकशे सत्तर," आपा म्हणाली. "उतरायचं नावच घेत नाही बघ."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. फोन ठेवून तिने माझ्यापुढे वाटी सरकवली.

"बघतेस काय? चहा पी."