ग्रीकांचं पान

रामकुंडावरच्या आमच्या गुरुजींकडे यजमानांच्या वंशावळीच्या वह्या आहेत. माझं पूजेच्या सामानाचं दुकान त्यांच्या बैठकीला लागूनच. समोर कुणीही येवो, गुरुजींचा पहिला प्रश्न ठरलेला, “मूळ पुरुष कोण?”

परवा तो त्यांनी घाट बघायला आलेल्या एका ग्रीक मुलीलाच विचारला. दुभाष्याचं काम अर्थात माझ्याकडे.

ती हसून म्हणाली, “आम्हा सगळ्या ग्रीकांचा एकच, राजा हेलेन. महापुरातून त्याचे आईवडील तेवढे वाचले. त्यांनी पाठीमागे दगड फेकले आणि दगडांची माणसं झाली.”

गुरुजींनी चष्मा वर सरकवला. “पूर केवढा? आपल्या घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या गळ्यापर्यंत?”

“डोंगराच्या शेंड्यापर्यंत.”

“बाप रे! मग मोठाच म्हणायचा.”

त्यांनी कोरं पान काढलं. वर हेलेन, खाली त्याचे मुलगे डोरस, झूथस, इओलस. शिरस्त्याप्रमाणे तिची सही घेतली आणि उरलेलं पान तिच्या मुलाबाळांसाठी मोकळं ठेवलं.

ती गेल्यावर मी म्हटलं, “अहो गुरुजी, ती नुसती गोष्ट आहे.”

वही बांधता बांधता ते म्हणाले, “तुमच्या घराण्याच्या पानावर पहिलं नाव सूर्याचं आहे. तेव्हा मी काही बोललो होतो का?”