गमरेकाकांनी सांगितलं होतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. तुम्हाला सांगतेय ते मन हलकं व्हावं म्हणूनही नाही. माझा मलाच इतका संताप येतो — की आता तो आत मावत नाही.

मी गाड्या बनवणाऱ्या कंपनीत आहे. परदेशी नव्हे, आपली, इथली. विजेवर चालणारी छोटी गाडी. ऑफिस परळला, वर्कशॉप शिवडीच्या एका जुन्या गोदामात. पहिल्या काही गाड्या तिथे हातांनीच जोडल्या. लालबागच्या चाळीतली मुलगी गाडीचे ब्रेक तपासते, याचं आमच्या मजल्यावर केवढं कौतुक! मलाही होतं. जरा जास्तच.

वेल्डिंगला गमरेकाका होते. डिलाईल रोडचे, पन्नाशी उलटलेले. मी डिग्री घेऊन आले तेव्हा मला धड पाना धरता येत नव्हता. काकांनी शिकवलं, आणि चारचौघांत कधी हसले नाहीत.

डीलर लोकांना गाडी दाखवायला चार दिवस उरले होते. काकांनी मला एका गाडीपाशी बोलावलं, आत टॉर्च मारला. ब्रेकचं पेडल ज्या पट्टीवर बसतं, तिच्या जोडाला केसाएवढी चीर. त्यांनी तिच्याभोवती खडूने गोल केला.

"पोरी, पत्रा पातळ आलाय. कितीही जोडला तरी धरायचा नाय. ही गाडी बाहेर काढू नको. साहेबांना सांग."

सांगायचं — एवढंच होतं ना काम?

मी परळला गेले. केबिनमध्ये पाहुणे बसले होते. साहेब माझ्याकडे हात करून म्हणाले, "या आमच्या ब्रेक इंजिनीअर. काय, सगळं ओके?"

पाहुणे कौतुकाने बघत होते. मी म्हटलं, "ओके, सर."

धमकी नाही, दबाव नाही. कुणी दटावलं असतं तर आज त्याच्या नावाने बोटं तरी मोडली असती! शिवडीला परत आले आणि तो खडूचा गोल पुसला. स्वतःच्या हाताने.

चौथ्या दिवशी गोदामाबाहेरच्या रस्त्यावर आमच्या चाचणी ड्रायव्हरने, प्रकाशने, तीच गाडी पळवली. ब्रेक दाबला आणि पेडलच खाली गेलं. गाडी भिंतीवर. प्रकाशच्या गुडघ्याचा चुरा झाला. तो अजून लंगडतो.

चौकशी बसली. काका माझ्या समोरच्याच खुर्चीत. मला विचारलं, "गमरे म्हणतात, त्यांनी तुम्हाला आधी सांगितलं होतं. खरं आहे?"

मी म्हटलं, "नाही."

एकच शब्द. काका माझ्याकडे बघत राहिले — ऐकण्यात काही चूक झाली असावी तसे. मग मान खाली घातली. कच्चं काम केलं, वर कळवलंही नाही, असा ठपका ठेवून त्यांना काढून टाकलं. आणि मला बढती! हो, बढती. दोषी माणूस सापडला होता ना.

पत्रा जाड केला, गाडी बाजारात आली. 'आपल्या मातीतली गाडी' म्हणून दादरला एवढा मोठा फलक लागला. तो दिसला की माझं डोकं फिरतं. कसली माती? कुणाची?

गेल्या वर्षी माहीमला एका गॅरेजात काका दिसले. आमचीच गाडी दुरुस्त करत होते. मला बघून उठले, हात पुसले. म्हणाले, "बसा मॅडम. आई बरी आहे?"

शिव्या का नाही दिल्या त्यांनी? दिल्या असत्या तर मी तिथेच रडले असते, कबूल केलं असतं — असं मी स्वतःला सांगते. खोटं आहे तेही. त्यांनी आईची चौकशी केली, आणि मी "बरी आहे" म्हणून चालू लागले.

मी अजून त्याच कंपनीत आहे. चौकशीचा कागद माझ्याच कपाटात आहे. 'गमरे यांनी कळवले नाही.' खाली माझी सही. तो बदलायला एक अर्ज पुरेल.

मी तो केलेला नाही.