शिर्क्यांचा गुडघा

हवालदार शशिकांत शिर्क्यांचा गुडघा लडाखच्या चौकीवर बर्फात घसरून कामातून गेला, हे अधारतालच्या त्यांच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त फौजेच्या मेडिकल बोर्डाला, आणि त्याला कारण खुद्द शिर्केच. निवृत्तीच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, "बैठ के दिखाइए." साहेबाने सांगितलं आणि शिर्क्यांनी केलं नाही, असं उभ्या नोकरीत घडलं नव्हतं. दातावर दात दाबून ते उकिडवे बसले, उठले, वर म्हणाले, "एकदम ठीक, सर!" बोर्डाने अपंगत्व पंधरा टक्के लिहिलं. विसाच्या खाली अपंगत्वाची पेन्शन मिळत नाही.

पहिलं अपील फेटाळलं गेलं. "जाऊ दे," शिर्के म्हणाले. पण त्यांच्या पत्नी, विनताबाई, ऐकतात कसल्या! खाटेवरून उठताना रोज भिंत धरणारा हा माणूस ठीक कसा, या विचाराने त्यांचा नुसता संताप व्हायचा. त्यांनी दुसरं अपील करायला लावलं. फेरतपासणीचा आदेश आला, तशी त्यांनी घरातच तालीम सुरू केली. खुर्चीत ताठ बसून, आवाज जाड करून त्या म्हणाल्या, "बैठ के दिखाइए."

शिर्के मुकाट्याने खाली बसू लागले.

"अहो, काहून बसून राहिले?"

"तू बोलली ना!"

"नाही म्हणायचं आहे तुम्हाला! चलो, फिरून."

रोज हेच. गोळीबारात न डगमगलेला गडी, पण 'नाही' म्हणताना घामाघूम व्हायचा. विनताबाईंनी मात्र पिच्छा सोडला नाही.

तपासणीच्या दिवशी त्यांना बाहेर बाकावर बसावं लागलं. आत शिर्के एकटे. डॉक्टर नवे होते, हुकूम तोच. गुडघे सवयीने वाकू लागले, तोच शिर्क्यांनी टेबलाची कड घट्ट पकडली.

"नहीं बैठ सकता, सर."

डॉक्टरांनी जुना अहवाल चाळला. "पिछली बार तो बैठे थे?"

"ऑर्डर था, सर. दर्द तब भी था."

डॉक्टर उठले, स्वतः गुडघा दाबून पाहिला आणि नवा एक्स-रे काढायला सांगितला.

दिवाळीच्या आधी निकाल आला. तीस टक्के, आणि दुखणं नोकरीमुळेच. शिर्क्यांचे डोळे भरून आले.

"अखेर मानलं त्यांनी," ते म्हणाले.

"आधी तुम्ही मानलं," विनताबाई म्हणाल्या, "म्हणून."